गुत्त्याची भिंत

शाळेच्या शंभरीचं पुस्तक निघतंय खैरबोडीत.
नेवारे गुरुजी वही घेऊन आले.
मंदिर झालं, तलाव झाला, पाटलांच्या तीन पिढ्यांचे फोटो झाले.
उठता उठता म्हणाले,
"तुमचा तो गुत्ता तेवढा नाही घेत आम्ही. पोरं वाचतील."

बसा जी गुरुजी, चहा संपवा.
मी दळण दळते तीच ती खोली.

माझा पणजा उरकुडा कलार
आबकारीचा कागद घेऊन आला,
तेव्हा घरात वाचता कुणालाच येत नव्हतं.
त्यानं तो काचेत बसवला, उलटा.
वीस वर्षं उलटाच होता.
फिरतीवरचे साहेब मान वाकडी करून वाचायचे
आणि पहिल्या धारेची चव घेऊन
सुलटी सही करून जायचे.

भट्टी मात्र पणजीची, भागरताची.
चैत्रात पहाटे मोह वेचून आणायची,
अंगाचा गोड आंबूस वास
न्हाऊनही जायचा नाही.
हंड्यावर मडकं, मधे बांबूची नळी,
आणि वरच्या पाण्यात बोट बुडवून सांगायची,
आता बदला, कढत झालं.
धार तिच्या हातची. कागदावर नाव त्याचं.

तेव्हा पळसाचे दोने होते.
पिऊन फेकला की संपला,
कोणाचा कोणता, कोण पाहतो?
मग आजोबांनी भंडाऱ्याहून काचेचे ग्लास आणले दोन डझन,
आणि त्याच संध्याकाळी
दोन ग्लास बाहेरच्या खिळ्याला वेगळे टांगले.
सुधारणा म्हणत होते तिला.

फागो मेश्राम एकदा सरळ आत आला.
आतला ग्लास उचलला, माठात बुडवला, पाणी प्यायला.
पाणीच.
पाण्याचे पैसे ठेवले फळीवर
आणि पुन्हा कधी आला नाही.
त्याचा नातू तुमच्या शाळेत गणित शिकवतो.
हे तरी घ्या पुस्तकात.

उधारी या भिंतीवर, कोळशाच्या रेघांनी.
नावं नाहीत, खुणा:
लटारूला बैलाचं शिंग, सुताराला वाकस,
डोमा ढिवराला मासा.
मंडईच्या आधी आजोबा चुना मारायचा,
फिटलेल्यांवर, न फिटलेल्यांवर, एकाच कुंच्यानं.
दंडारीच्या तालमी इथं,
रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे सौदे इथं.

आणि लटारूच्या बायकोचा हात दोनदा मोडला,
तोही इथूनच.
ती मागच्या दारानं यायची,
माझ्या आईला हळद मागायला.
आई द्यायची, काही न बोलता.
पुढच्या दारी बाबा माप भरत असायचे.

मग बायकांचं मतदान लागलं,
उभी बाटली की आडवी.
बाबा म्हणाले, "आपल्या घरची तीन मतं तरी पक्की."
आजी, काकू, आई नवी लुगडी नेसून
तुमच्याच शाळेत, चौथीच्या खोलीत जाऊन आल्या.
आईनं येऊन भात टाकला.
दोन मतांनी बाटली आडवी झाली.

बाबा रात्रभर बोटं मोजत बसले.
गावातली एकेक बाई मोजली,
घराशी आले की पुन्हा पहिल्यापासून.
विचारलं नाही कधी.
आईनंही सांगितलं नाही.
फडताळातली हळद मात्र
त्या साली मुंग्या लागेपर्यंत पुरली.

चोरून पुढंही चालत होतं म्हणा, नाल्याकाठी.
तो इतिहास नाल्याला विचारा.

परवा गिरणीच्या मोटरसाठी मिस्त्रीनं भोक पाडलं,
आणि चुन्याचं एक खापर सुटलं,
पापुद्र्यावर पापुद्रा, पुरणपोळीसारखं.
आत मासा निघाला, शेपटीसकट.
पुढं अकरा रेघा.
डोमाही नाही, आजोबाही नाही.
अकरा मापं कोणी कोणाला द्यायची?

गुरुजींनी चष्मा लावला. बोट टेकवलं माशाला.
कोळसा लागला बोटाला अजून.

वही उघडली का, मी नाही पाहिलं.
दारात सकूचं दळण आलं होतं,
पाच किलो ज्वारी, जाडसर.